शहात्तर ओळी

येसूनं एंटर दाबलं आणि काळ्या स्क्रीनकडं बघत बसला. काहीच नाही. नुसता तो पांढरा चौकोन लुकलुकतोय. त्यानं तीच कमांड परत टाकली. परत तेच. तिसऱ्यांदा एंटर असा हाणला, की समोर परीक्षा घेत बसलेल्या पूर्वी मॅडमनी मान वर केली.

"हळू, दादा. कीबोर्ड गोडाऊनचा आहे."

बावीस वर्षं कामतघरला लूम चालवलेला माणूस तो. खडखडाट चालू तर काम चालू. आवाज गेला की समजायचं, धागा तुटला, धाव. मग लूम भंगारात गेले आणि येसू पडघ्याच्या या गोडाऊनात गोण्या उचलायला लागला. दोन वर्षांत कंबर गेली. डॉक्टर म्हणाला, आता वजन उचललंस तर उठायचा नाहीस. बसून करायचं काम इथं एकच, लिनक्सच्या कॉम्प्युटरवर मालाच्या याद्या सांभाळायचं. त्याच्या परीक्षेत गडी दोनदा आपटला होता. आजची तिसरी, आणि शेवटची. मोबाईल मॅडमच्या ड्रॉवरात. मदतीला फक्त कॉम्प्युटरमधलं पुस्तक: 'मॅन' लिहून कमांडचं नाव टाकायचं, की तिची सगळी कुंडली समोर. इंग्रजीत.

काम एवढंच होतं, चारशे बारा ओळींच्या यादीखाली आजच्या अडतीस ओळी जोडायच्या. साडेचारशे व्हायला हव्यात. त्यानं ओळी मोजायची कमांड टाकली.

पाचशे सव्वीस.

म्हणजे पहिल्याच एंटरला काम झालं होतं. हे यंत्र काम झालं की गप बसतं, बोंबलतं ते बिघडल्यावर. आणि त्यानं अडतीस ओळींचं तेच शेपूट तीनदा शिवलं होतं, शहात्तर ओळी जादा.

"मॅडम, मागं घ्यायची काय कमांड हाय का?"

"पुस्तक आहे ना समोर."

"ते इंग्लिशमंदी हाय."

"मागच्या दोन वेळेलापण इंग्लिशमध्येच होतं, दादा. दहा मिनिटं राहिली."

वरच्या ओळी दाखवणारी 'हेड' त्याला ठाऊक होती. तिचं पान उघडलं. स्क्रीनवर बोट ठेवून एकेक शब्द चाचपत खाली गेला, लूमच्या राचेतल्या बारीक भोकात धागा ओवावा तसा. 'लास्ट' कळला. आकडा कळला. आकड्याआधी एक आडवी रेघ होती, ती कळेना. घाम पुसून त्यानं यादीची एक कॉपी काढली आणि तिच्यावर आकड्याआधी रेघ लावून बघितली. शेवटच्या ओळी गळाल्या, वरच्या शाबूत. रेघ म्हणजे उणे.

उणे शहात्तर. नव्या फाईलीत. एंटर.

यंत्र गप. येसूचा हात परत एंटरकडं निघाला. तो त्यानं मांडीखाली दाबून धरला. मग मोजलं. साडेचारशे.

मॅडम उठून आल्या. उत्तर राहिलं बाजूला, त्यांनी येसूच्या आतापर्यंतच्या सगळ्या कमांडा उघडल्या. येसूनं मान खाली घातली.

"तीनदा जोडलंत?"

"आवाज न्हाय आला, म्हणून."

मॅडम खाली सरकत गेल्या आणि थांबल्या.

"हे उणे कुणी सांगितलं? मी तर वरून मोजत बसते."

"कोनी न्हाय. तितंच लिवलंय, खाली."

मॅडमनी स्टूल ओढलं.

तेवढ्यात लोडिंगचा मुकादम जीवन दारात आला.

"येसूदादा, गाडी लागली. झालं तुमचं कॉलेज? चला."

येसूनं उठायला गुडघ्यांवर हात टेकले.

"दुसऱ्या कुणाला तरी घे," स्क्रीनवरची नजर न काढता मॅडम म्हणाल्या. "हां, दादा. पुस्तकातली कुठली ओळ?"