महादेवीनं कार्बोरेटर खोलला

"गाडी चालू झाली की जाऊ," शिवलिंगआण्णा म्हणाले, आणि महादेवीनं हातातला चहाचा कप टेबलावर आदळला.

हे वाक्य ती गणपतीपासून ऐकत होती. अर्धांगवायूनं आण्णांची उजवी बाजू गेली होती. पाय काठीच्या आधारानं चालू लागला, हात मात्र मांडीवर पडून असायचा. डॉक्टरांनी हाताच्या व्यायामासाठी राजारामपुरीतल्या फिजिओथेरपी केंद्रात जायला सांगितलं होतं. पण आण्णा रिक्षात बसायला तयार नव्हते. "उद्यमनगरात माझं वर्कशॉप हुतं. त्याच माणसांच्या पुढनं रिक्षात तिरका पडून जाऊ काय? आपल्या गाडीनं जाईन."

आणि गाडी, म्हणजे त्यांची जुनी फियाट, झटका येण्याच्या आधीपासूनच पोर्चमध्ये बंद होती. स्टार्टर मारला की कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहायचं, इंजिन दोनदा खोकायचं आणि गप्प व्हायचं. मेकॅनिक आले, पण आण्णांनी खुर्चीतूनच शिव्या घालून त्यांना हाकललं. "परका हात लावायचा न्हाय. बसवेश आला की करील." बसवेश, दोघांचा मुलगा, पुण्यात होता. तो फोनवर "बघतो" म्हणायचा.

तोवर आण्णांची अंघोळ, कपडे, जेवणाचा घास सगळं महादेवीकडं. घास जरा गरम लागला तरी बोलणी तीच खायची.

त्या दिवशी तिनं सांडलेला चहा पुसला नाही. पदर खोचून पोर्चमध्ये गेली आणि बॉनेट उघडलं.

"काय करायलीस?" आण्णा काठी टेकत मागं आले.

"तुमची गाडी चालू करायची हाय."

"पाना धरता येतोय का तुला?"

"न्हाय. येईल."

"हात लावू नको, महादेवी."

"मग कसं करायचं ते सांगा. न्हायतर गप बसा."

आण्णांनी सांगितलंही नाही आणि गप्पही बसले नाहीत. ते फक्त काय चुकतंय तेवढं बोलत राहिले. शेवटी तिनं मोबाईल वायपरला टेकवून ठेवला आणि व्हिडिओ बघत बघत काम सुरू केलं. पेट्रोलची नळी काढली, चोकची तार सोडवली, खालचे नट ढिले केले. एका नटावरून पाना घसरून बोटाचं साल गेलं. झाकण उचकटताना आतली गॅस्केट फाटली. "फाडलीस," आण्णा म्हणाले. "फाडली," ती म्हणाली आणि पुढं चालू ठेवलं.

आत पितळेचा फ्लोट होता, पेट्रोलवर तरंगणारा. तो वर आला की पेट्रोल येणं थांबायला हवं. तिनं तो कानाशी हलवला, तर आत पेट्रोल डुचमळत होतं. तरंगणाराच बुडत होता. गॅसपासून लांब, मोरीपाशी तिनं तो गरम पाण्याच्या पातेल्यात दाबून धरला. जोडाजवळून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. आतलं पेट्रोल पूर्ण काढून पापाच्या तिकटीजवळ भांडी झाळून देणाऱ्याकडून तिनं भोकाला डाग देऊन आणला. येताना नवीन गॅस्केट आणली. घरी येऊन प्रत्येक भाग पेट्रोलमध्ये धुतला, सायकलच्या पंपानं फुंकला आणि स्टीलच्या ताटात मांडून ठेवला.

दूध उतू जातंय म्हणून ती आत गेली. परत आली तर ताटातला मेन जेट नव्हता. पितळेचा, बोटाच्या पेराएवढाही नाही, पण त्याच्याशिवाय इंजिनाला पेट्रोल मिळत नाही.

"हितं जेट हुता."

"पडला असंल कुठं," आण्णा खुर्चीतून म्हणाले. "मी काय म्हणालतो? बाईमाणसाचं काम न्हाय ते."

ती गाडीखाली आडवी झाली. टॉर्च घेऊन फरशीचा सांधा न् सांधा बघितला. गटाराची जाळी काढून आतला गाळ हातानं चाचपला. दुकानात गेली, तर दुकानदार म्हणाला की माप वेगवेगळं असतं, जुना नमुना आणा. अंधार पडला तेव्हा तिच्या साडीला ऑईल होतं, कोपर खरचटलं होतं आणि आण्णा विचारत होते, जेवायला अजून किती वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीसाठी तिनं त्यांची बंडी काढली. खिशातून काहीतरी फरशीवर पडून वाजलं. जेट होता.

महादेवीनं तो उचलला. आण्णा भिंतीकडं बघायला लागले.

"काल मी गाडीखाली लोळत हुते," ती म्हणाली. "गटारात हात घातला. तुमी बघत हुतासा."

आण्णा डाव्या हातानं उजवा हात चोळत राहिले.

"बोला की. एरवी तोंड थांबत न्हाय."

"तिथं गेलो," आण्णा हळू म्हणाले, "आन् त्यांनी सांगितलं, हात गेला तुमचा, तर? घरात बसलोय तोवर त्यो नुसता आजारी हाय. तिथं गेलो की मेला."

एखाद्या दिवशी महादेवीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला असता. आज उलट तिचा आवाज चढला.

"तुमचा एक हात आजारी ऱ्हावा म्हणून माझं दोन्ही हात झिजवलासा. भ्या वाटतंय म्हणला असता, तर शेजारी बसून ऐकलं असतं. तुमी शिव्या दिल्यासा. बसवेश येणार न्हाय हे म्हायीत असून मला त्याची वाट बघायला लावली. आन् काल मला माती चाटायला लावून वर जेवण मागितलं."

तिनं त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, दंड धरून पोर्चमध्ये आणलं, ताटापुढं बसवलं आणि जेट डाव्या तळव्यावर ठेवला.

"लावा."

"डाव्या हातानं कसा लावू?"

"डाव्या हातानं चोरता आला की."

जेट आट्यांत बसेना. खाली पडला. तिनं उचलून दिला. परत पडला, परत दिला. आण्णांनी जेटला शिव्या दिल्या, तिला दिल्या, मग आपल्या मांडीवरच्या हाताला दिल्या. ती हाताची घडी घालून बसून राहिली. एकदाचे आटे पकडले, पण पेचकस फिरवताना कार्बोरेटरच फिरायला लागला. आण्णांनी पेचकस खाली ठेवला. मग डाव्या हातानं उजवा हात उचलला, वजनासारखा कार्बोरेटरवर ठेवला आणि पेचकस परत घेऊन जेट आवळला.

बाकीचं तिनं बसवलं. शेवटी इंजिन धडपडायला लागलं तेव्हा आण्णा पहिल्यांदा नीट बोलले. "हवेचा त्यो स्क्रू हळूहळू ढिला करत ये. आवाज सारखा झाला की थांब." ती थांबली. निळा धूर पोर्चभर झाला, पण इंजिन बंद पडलं नाही.

गाडी तिनंच चालवली. ड्रायव्हिंग स्कूलमधून लायसन तिनं कधीच काढलं होतं, पण फियाटची किल्ली आण्णांनी आजवर दिली नव्हती. सिग्नलला गाडी बंद पडली आणि मागं हॉर्न सुरू झाले.

"क्लच हळू सोड म्हणून सांगतोय, गाढवागत..."

तिनं गाडी परत चालू केली, कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. "अजून एक शब्द बोललासा तर हितनं म्होरं चालत जायचं."

आण्णा समोर बघत बसले. मग ती निघाली.

केंद्रात अनुजा नावाच्या तरुण मुलीनं हात तपासला. खांद्यापासून बोटांपर्यंत दाबत, वाकवत गेली. तिनं काही लपवलं नाही. "काका, खांदा आणि कोपर बरंच परत येईल. मनगट थोडंफार. बोटांची बारीक कामं पहिल्यासारखी होणार नाहीत. आधी आला असता तर जास्त फरक पडला असता."

या शेवटच्या वाक्यावर महादेवी बाहेर गेली. त्या पोरीपुढं ओरडायचं नव्हतं. जिन्यात उभी राहून तिनं कठडा आवळून धरला. आतून आण्णांच्या कण्हण्याचा आवाज येत होता, आणि "अजून एकदा, काका" असं म्हणणाऱ्या अनुजाचा.

परत येताना आण्णा डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होते.

"बोटं गेली," आण्णा म्हणाले.

"गेली. कोपर येणार हाय. कोपराचं बोला."

"लई चिडलीयास."

"व्हय. आन् हे आज निवणारं न्हाय."

आण्णांनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. तिनं बघितलं, पण गाडी थांबवली नाही आणि हातही पुढं केला नाही.

"परवा किती वाजता जायचं?" त्यांनी विचारलं.

"धाला. तयार ऱ्हायचं. नसलासा तर मी बसून ऱ्हाणार न्हाय, गाडी घेऊन जयसिंगपूरला बहिणीकडं जाणार हाय. चार दिस येणार न्हाय."

आण्णांनी मान हलवली. ती खरंच जाईल, हे त्यांना कळलं होतं.