निळ्या दिव्याच्या घराचा शेवटचा भाग

मित्रांनो, मी एक जुना चित्रकथेचा अंक आहे. माझं मुखपृष्ठ सुटलं आहे, पाठीवर चिकटपट्टी आहे आणि कडा कसरीने कुरतडल्या आहेत. 'निळ्या दिव्याचं घर, भाग शेवटचा' हे माझं नाव. तुम्ही ते ऐकलेलं नसणार. एके काळी मात्र मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत लोक पेपरवाल्याकडे माझी चौकशी करत होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझ्याच नावाची एक मालिका तेव्हा दर आठवड्याला टीव्हीवर लागायची. त्या घरात निळा दिवा लावला की गेलेली माणसं बोलायला यायची, आणि उत्तरा नावाची मुलगी त्यांचं गाऱ्हाणं ऐकून घ्यायची. एके दिवशी उत्तरेचा धाकटा भाऊच मागच्या दारातून पलीकडे निघून गेला. त्याला परत आणायला तिने दाराच्या कडीला हात घातला, आणि नेमकी तिथे मालिका बंद झाली. का बंद झाली, ते प्रेक्षकांना कधीच कळलं नाही. लोक फार हळहळले. तेव्हा अंधेरीच्या एका छोट्या प्रकाशकाने ठरवलं, की पुढची गोष्ट चित्रकथेतून सांगायची. मालिकेचे लेखक विद्याधर ती लिहू लागले. चित्रं काढायचं काम मिळालं मुलुंडच्या नीलाला.

नीला तिच्या वडिलांबरोबर चाळीतल्या दोन खोल्यांत राहायची. वडिलांचं नाव दत्ताराम. ते मूळचे मालवणकडचे, गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवून संसार केलेले. गिरणीचा संप झाला आणि घरातली कमाई थांबली. त्या दिवसांत बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं आणि नीलाचा धाकटा भाऊ लवू कपड्यांची पिशवी उचलून निघून गेला. त्यानंतर त्याची खबर नाही. घरात त्याचा धड एक फोटोही नव्हता.

म्हणून दत्ताराम ती मालिका इतर प्रेक्षकांसारखी बघत नसत. भुताखेतांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. उत्तरेचा भाऊ घरी येतो की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. मालिका बंद पडली त्या आठवड्यात ते कितीतरी वेळ बंद टीव्हीसमोर बसून राहिले होते, असं नीलाने विद्याधरांना सांगितलेलं मी ऐकलं आहे.

मी तेव्हा अंक नव्हतो. नीलाच्या टेबलावरचे जाड पांढरे कागद होतो. ती आधी पेन्सिलीने मला आखायची, मग टाक शाईत बुडवून रेषा ओढायची. आधीच्या भागांच्या वेळी ती वडिलांना कागद दाखवायची. माझ्या वेळी मात्र दत्ताराम दारात आले की ती पटकन माझ्यावर वर्तमानपत्र पसरायची.

"गो नीला, तो भाव इलो काय परत? माका सांग तरी!" ते विचारायचे.

"बाबा, आत्ता नाही हं. छापून येऊ दे, पहिली प्रत तुमच्याच हातात देते."

"तोवर मी मेलंय तर?"

"काहीतरीच बोलू नका."

ते हसून आत जायचे. वर्तमानपत्राखाली मला त्यांच्या चपला दूर जाताना ऐकू यायच्या.

नीलाने मला का झाकलं, ते मला ठाऊक होतं. तिला त्यांना चकित करायचं होतं, हे खरंच. विद्याधरांशी हुज्जत घालून तिने शेवटची पानं बिनशब्दांची करून घेतली होती. त्यांत एकही संवाद नव्हता, नुसती चित्रं. पण आणखी एक कारण होतं. आधीच्या भागांत उत्तरेचा भाऊ दिसलाच नव्हता; माझ्यात तिने त्याला लवूचा चेहरा दिला होता. तशाच जाड भुवया, तसंच एका बाजूला झुकलेलं हसू. आणि शेवटच्या चित्रात तो बहिणीकडे बघून हसतो आणि दार स्वतःच्या हाताने लावून घेतो. हे बाबांना कसं दाखवायचं, ते तिचं ठरत नव्हतं.

त्याच दिवसांत दत्ताराम खोलीतला बल्ब सारखा बदलायला लावत होते. "उजेडच पडत नाय," म्हणायचे. चहाचा कप ठेवताना टेबलाची कड चुकायची. नीला कामात गढलेली. तिने मोठा बल्ब आणून लावला आणि पुन्हा माझ्यावर वाकली. शेवटी ते जिन्यात पडले, तेव्हा ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. काचबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, "उशीर झाला. गेलेली नजर परत येत नाही."

छापखान्यातून मी बाहेर पडलो तोवर दत्तारामांना दिवस आणि रात्र एवढंच कळत होतं.

नीलाने शब्द पाळला. पहिली प्रत, म्हणजे मी, त्यांच्या हातात दिली. त्यांनी मला नाकाशी धरून वास घेतला. मग म्हणाले, "वाच गो."

नीला वाचू लागली. संवाद होते तोवर सगळं सुरळीत चाललं. मग बिनशब्दांची पानं आली आणि वाचायला काही उरलं नाही.

"मगे? इलो की नाय तो?"

नीलाने माझ्या शेवटच्या चित्राकडे पाहिलं. त्यात दार बंद होत होतं.

"आला, बाबा," ती म्हणाली. "उत्तरा त्याचा हात धरून घरी घेऊन आली."

दत्ताराम मोठ्याने हसले. पुढचे कितीतरी दिवस ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ती गोष्ट सांगत होते. इकडे माझं कौतुक होत होतं. शेवटच्या पानांबद्दल लोक नीलाला थांबवून बोलायचे आणि ती नुसती मान हलवायची.

मग एका सकाळी शेजारची कुंदा नळावरून येता येता ओट्यापाशी थांबली. तिने अंक वाचला होता. "काका, आला कुठे हो तो? तोच दार लावून घेतो ना! मी तर रडले यार!"

दत्ताराम चाचपडत आत आले. नीला टेबलाशी होती.

"कुंदा सांगता ता खरा?"

"हो," ती म्हणाली.

"खरा सांगूक काय झाला तुका? डोळे गेले माजे, काळीज नाय गेला."

तेव्हा नीला रडली आणि सगळं बोलली. मुलाचा चेहरा कोणाचा आहे, तेही.

दत्ताराम खाटेवर बसले. "लवूसारखो काढलंस?" त्यांनी हळूच विचारलं. "आणि माका दाखवलंस नाय. तेव्हा थोडा दिसत होता गो माका."

मित्रांनो, तो चेहरा माझ्यावर होता, आणि बघायला तळमळणारे डोळे दारात उभे होते. मध्ये फक्त एक वर्तमानपत्र होतं.

दुसऱ्या दिवशी नीला माझे मूळ कागद आणायला अंधेरीला प्रकाशकाकडे गेली. मूळ कागदांवर टाकाच्या रेषा उमटलेल्या होत्या, बोटाला जराशा तरी लागल्या असत्या. पण ते कागद छपाईनंतर तिथेच पडून राहिले होते, आणि गाळा आवरताना कोणीतरी ते रद्दीत घातले होते. "पुस्तक आलं ना छान?" प्रकाशक म्हणाले. "मग आता त्या कागदांचं काय एवढं?"

ती हात हलवत परत आली. दत्तारामांनी मला मागून घेतलं.

"खंय आसा तो? माजा बोट ठेव थंय."

नीलाने माझं शेवटचं पान उघडून त्यांचं बोट लवूच्या चेहऱ्यावर ठेवलं. साच्यांवर घट्टे पडलेलं ते बोट भुवयांवरून, गालांवरून सावकाश फिरलं. मी छापील कागद. माझी शाई सपाट आणि गुळगुळीत. त्या बोटाला द्यायला माझ्याकडे काही म्हणता काही नव्हतं.

"हाताक कायच लागत नाय गो," ते म्हणाले. तरी बोट त्यांनी उचललं नाही. मग म्हणाले, "तू सांग. कसो हसता तो?"

आणि नीला सांगू लागली.

दत्ताराम आता नाहीत. लवू आला नाही. नीलाला पुढे जाहिरातींचं काम मिळालं. चित्रकथा तिने पुन्हा काढली नाही आणि मी कपाटात तळाशी गेलो. मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही, माझं वय झालं. एवढंच सांगतो, तुमच्या हातात काही घडत असेल आणि घरातलं कोणी दारात येऊन विचारत असेल, तर ते अर्धं असलं, वेडंवाकडं असलं, बघून त्यांना वाईट वाटणार असलं, तरी झाकू नका. त्यांना जवळ बोलवा, आणि दाखवा.