डावं निशाण

वेल्डरने क्लच दाबला आणि चांगला जोरात चाललेला ट्रॅक्टर मधेच थांबवला. मागचा वजनाचा गाडा कुरकुरत जागेवर आला. एंजिनात अजून दम होता. धुराड्यातून निघणारा काळा धूर सरळ वर चढत होता, कारण त्या दुपारी वाऱ्याचं नाव नव्हतं. बासष्ट मीटर. दोराबाहेर टाळ्या वाजवणारे हात एकेक करत थांबले.

स्पर्धेच्या पट्टीच्या उजव्या कडेला उभ्या असलेल्या ताईने आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हातात हिरवं निशाण होतं. लाल काखेत होतं, गुंडाळलेलंच.

एरवी ती वजनकाट्यावर बसायची. स्पर्धेच्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर तोलायचे आणि दुपारी निशाण धरायचं, हे तिचं नऊ वर्षांचं काम. तिच्याहून वयाने मोठे असलेलेही तिला ताईच म्हणत. ती ट्रॅक्टरपाशी गेली.

"का थांबलास रे?"

"लाल दाखवलं ना."

"मी नाही दाखवलं."

"तुम्ही नाही हो. पलीकडच्यांनी." वेल्डरने डावीकडे हात केला आणि तो हात तसाच हवेत राहिला.

पलीकडे कापणी झालेलं शेत होतं. बोटभर उंचीची खुंटं, एक सैल दोर, आणि पुढे झाडांपर्यंत काही नाही. प्रेक्षकांना त्या बाजूला जायची बंदी होती. लपायला एक झुडूपही नव्हतं.

"आत्ता होते," वेल्डर म्हणाला. "वयस्कर होते. निशाण चांगलं फडफडत होतं."

ताईने वर पाहिलं. धूर अजूनही सरळच चढत होता.

तंबूतल्या टेबलाशी माणसं जमायला वेळ लागला नाही. खेळ तसा साधा होता. गाडा जसजसा ओढला जाई, तसतशी त्यावरची लोखंडी पेटी पुढे सरके आणि ओझं वाढत जाई. जो जास्त लांब नेईल तो जिंकला. चालक आपणहून थांबला की त्याची ओढ तिथे संपली. लाल निशाणामुळे थांबला तर त्याला पुन्हा संधी मिळे. म्हणजे सगळं अडलं होतं ते एका निशाणावर.

"बासष्ट मीटर लिहा आणि पुढचा बोलवा," सेक्रेटरी म्हणाला. त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि नियमांवर त्याचा फार जीव होता. "डावं निशाण आपण दोन वर्षांपूर्वीच बंद केलंय. तिथे माणूसच नाही, तर दाखवलं कुणी? भुताने?"

मागे दोघे-तिघे हसले. कुणीतरी म्हणालं, "भूत असेल तर त्याला टोपी-शिट्टी द्या, फुकटचा पंच मिळाला."

वेल्डर हसला नाही. तो इकडे राहायला येऊन वर्षही झालं नव्हतं. पण एवढ्या दिवसांत त्याने कुणाला खोटं सांगितल्याचं ऐकिवात नव्हतं. जोड टिकणार नसेल तर तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगून परत पाठवायचा.

"मला संधी नका देऊ," तो म्हणाला. "पण लाल होतं. लाल बघून पुढे जाणारा माणूस मी नाही."

ताईने नियमांचं पातळ पुस्तक उघडलं. अकरावं कलम तिला पाठ होतं, तरी तिने ते बोट ठेवून वाचलं. "डाव्या किंवा उजव्या निशाणवाल्याने लाल दाखवताच चालकाने थांबावे. न थांबल्यास ओढ बाद."

"ते जुनं आहे," सेक्रेटरी म्हणाला.

"काढलेलं नाही. बैठकीत नुसतं बोलणं झालं. पुस्तकात डावं अजून आहे."

हे बोलताना तिचा आवाज जरासा बदलला. त्या डाव्या बाजूला एकोणीस वर्षं तिचे बाबा उभे राहत होते.

दोन वर्षांपूर्वी अंतिम ओढीत त्यांनी लाल दाखवलं होतं. डेअरीवाल्याचा ट्रॅक्टर थांबला नाही. त्याने पुरे शंभर मीटर काढले आणि करंडक नेला. निशाण दिसलंच नाही, असं तो म्हणाला. बाबा म्हणाले, गाड्याचा जोड उघडला होता. उभा गाडा चौघांनी वाकून तपासला, कुठे केसभर फट नव्हती. मग कमिटीने ताईला विचारलं, तू समोरच होतीस, तू काय पाहिलंस? मधे ट्रॅक्टर होता, धूर होता. "मला काही दिसलं नाही," ती म्हणाली. ते खरं होतं. आणि त्या खऱ्याने बाबांचं खोटं ठरलं. त्यांची नजर गेली, असं सगळ्यांनी हळहळत मान्य केलं आणि डावं निशाण बंद झालं.

बाबा तीन डॉक्टरांकडे जाऊन आले. तिघांनीही डोळे ठणठणीत असल्याचं सांगितलं. बाबांचा विश्वास मात्र कमिटीवर बसला होता. पुढे ते भिंत धरून जिना उतरायला लागले. कपात चहा ओततानाही म्हणायचे, "तूच ओत बाई, माझा नेम नाही." मागच्या थंडीत ते गेले. त्या साक्षीबद्दल ते तिला शेवटपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

"ज्याचं नुकसान होणार त्यालाच विचारू," सेक्रेटरी म्हणाला आणि वळला. "काय हो, तुमचे चौऱ्याऐंशी मीटर आहेत. आज पहिले तुम्हीच. याला पुन्हा संधी द्यायची का?"

डेअरीवाला तंबूच्या खांबाला टेकून उभा होता. मोठ्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. बाबांचा लहानपणापासूनचा मित्र. ताई त्याला काका म्हणत आली होती. आज तो सकाळपासून फारसा बोलला नव्हता.

"द्या त्याला," तो म्हणाला.

"बघा, मोठं मन म्हणतात ते हे!" कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या. डेअरीवाल्याने टोपी काढली, आतून पुसली आणि पुन्हा घातली. त्याने ताईकडे पाहिलं नाही.

"पुन्हा ओढू दे," ताई म्हणाली. "पण या वेळी डावीकडे मी उभी राहते. उजवीकडे तुम्ही थांबा, सेक्रेटरी."

पट्टी ओलांडायला वीस पावलं लागली असतील. नऊ वर्षांत ती कधी या बाजूला आली नव्हती. दोराखालून वाकून ती खुंटांत उभी राहिली, आणि गर्दीचा आवाज कुणी दार लोटून घ्यावं तसा मंदावला. समोर तंबू होता, माणसं होती, त्यांची तोंडं हलत होती. इथे मात्र तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. श्वास मोजून सोडल्यासारखा संथ होता. तिचा तसा कधीच नसे.

तिने मान वळवली नाही.

ट्रॅक्टर निघाला. वीस मीटर, चाळीस. पेटी पुढे सरकू लागली, ट्रॅक्टरचं तोंड उचललं गेलं. गाड्याची डावी बाजू तिच्यासमोर आली तेव्हा तिने ते पाहिलं. चाकाच्या आसापाशी तुळईचा जोड हळूहळू उघडत होता, झोपेत तोंड उघडावं तसा. एक बोट. दीड बोट. आतून पलीकडचा उजेड दिसला.

लाल निशाण आपण कधी उलगडलं ते तिला कळलं नाही. ते आधीच वर होतं.

वेल्डर थांबला. ओझं सैलावलं आणि तिच्या डोळ्यांदेखत जोड मिटला. लोखंड पुन्हा अखंड दिसू लागलं. सेक्रेटरी पळत आला, वाकला, हात फिरवला.

"कुठंय? काहीच नाही."

"जॅक लावा," ताई म्हणाली.

जॅक लावून गाडा उचलल्यावर फट उघडली. वेल्डरने आत बोट घातलं, बाहेर काढून उजेडात धरलं. बोट तांबूस झालं होतं.

"हे आजचं नाही," तो म्हणाला. "आतपर्यंत गंज आहे. दोन वर्षं सहज झाली असतील. ओझं पुढे आलं की उघडतं, थांबलं की मिटतं. आणि दिसलं तर फक्त या बाजूने दिसेल." त्याने गाडा ओढणाऱ्या साखळीकडे पाहिलं आणि मानेवरून हात फिरवला. "तुटलं असतं तर ही सरळ माझ्या मानेवर आली असती."

'दोन वर्षं' हे शब्द गर्दीत एकाकडून दुसऱ्याकडे गेले. काही जणांनी ताईकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. सेक्रेटरीने घसा खाकरला आणि स्पर्धा इथेच थांबवल्याचं जाहीर केलं. झालेल्या ओढींवर निकाल लागला. करंडक डेअरीवाल्याला मिळाला. तो त्याने बादली उचलावी तसा एका हाताने घेतला.

ऊन उतरलं. ट्रॅक्टर एकेक करून गेले. ताई तंबूत निकालपत्रक भरत बसली होती. डेअरीवाला आत आला आणि करंडक टेबलावर ठेवून समोरच्या खुर्चीत बसला.

"माझी ओढ बाद लिही, पोरी."

"का, काका?"

"मला लाल दाखवलं होतं. या वेल्डरच्या आधी, साठ मीटरच्या आसपास. मी थांबलो नाही."

ताईने पेन खाली ठेवलं. "कुणी दाखवलं?" असं ती विचारणार होती, पण तो आधीच बोलला.

"आजही थांबलो नाही."

त्या शब्दातला 'ही' दोघांच्या मधे टेबलावर पडून राहिला. बाहेर कुणीतरी खुर्च्या एकात एक घालत होतं.

"तेव्हा तुम्हाला दिसलं होतं," ताई म्हणाली.

"स्वच्छ. शंभर मीटर समोर दिसत होते. म्हटलं, एवढं काय होतंय." त्याचा मोठा आवाज कुठेतरी आत राहून गेला होता. "मग तुला विचारलं, तू नाही म्हणालीस, आणि माझं सोपं झालं. म्हटलं, वर्षभराने सांगू त्याला. हसेल, दोन शिव्या देईल." तो थांबला. "त्याचे डोळे चांगले होते."

"माहीत आहे," ताई म्हणाली. पण तिला ते आज दुपारपर्यंत पटलं नव्हतं. तिने पत्रक पुढे ओढलं. डेअरीवाल्याच्या नावापुढचे चौऱ्याऐंशी मीटर एका रेघेने खोडले आणि वर 'बाद' लिहिलं. शेजारचा रकाना होता, 'निशाण कुणी दाखवले'. तिने कागद फिरवून त्याच्यासमोर ठेवला.

"तुम्ही पाहिलंत. तुम्हीच लिहा."

त्याने लिहिलं. आडनावासकट, सावकाश, पहिल्या यत्तेतल्या मुलासारखं.

तेवढ्यात तंबूच्या कनातीतून सेक्रेटरीचं डोकं आत आलं. त्याच्या खांद्यावर दोराचं भेंडोळं होतं. दिवसभर वैतागलेल्या माणसाच्या आवाजात तो म्हणाला,

"ताई, डावीकडे कुणाला उभं करून ठेवलंय तुम्ही? हाक मारली तर ऐकत नाहीत. सांगा त्यांना, संपलं म्हणावं. मला तिकडचा दोर गुंडाळायचाय."

आणि तो निघूनही गेला.

ताई उठली. डेअरीवालाही उठला. खुर्ची मागे पडली, ती त्याने उचलली नाही.

"मी सांगतो," तो म्हणाला.

तो टोपी हातात घेऊन बाहेर पडला. ताई कनातीशी उभी राहिली. पट्टीवरून चालत तो पलीकडे गेला, त्याला वाकवत नव्हतं तरी दोराखालून गेला, आणि खुंटांत चार पावलं टाकून थांबला. तिथल्या संधिप्रकाशात त्याच्यापुढे तिला काही दिसलं नाही. तो मान खाली घालून बराच वेळ बोलत होता. मग त्याचं बोलणं थांबलं आणि त्याने मान वर केली.

तो जागचा हलला नाही. उत्तराची वाट पाहणारा माणूस उभा राहतो, तसा तो उभा होता.