एक जुलैचा जन्म

आमच्या टोलीत, गावाच्या या वस्तीत, अर्ध्या माणसांचा जन्म एक जुलैचा आहे. माझा एक जुलै, मुलगा संघपालचा एक जुलै, शेजारच्या सोमाजीचा आणि त्याच्या बायकोचाही. शाळेत नाव घालायला गेलं की गुरुजी विचारायचे, "जन्म केव्हाचा?" आमच्या बाया मळणीवरून सांगायच्या, "धानाचा चुरणा चालू होता तवाचा." गुरुजी बोटांवर काहीतरी मोजायचे आणि एक जुलै लिहून मोकळे व्हायचे. कोणाचं काही बिघडलं नाही. सोमाजी म्हणायचा, "साऱ्या टोलीचा वाढदिवस एका दिवशी. केक एकच लागते, आन् तोही कोणी आणत नाही."

माझी नात खुशबू, तिच्याही दाखल्यावर एक जुलै आहे. तो मी लिहवला.

खरं म्हणजे ती जन्मली जानेवारीत, पवनीकडे, तिच्या आईच्या माहेरी. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही आणि पुढे नोंद करायची राहून गेली. ती साडेचार वर्षांची असताना रोवणीचे दिवस आले. माझी बायको लीलाबाई तेव्हा होती. ती आणि सून भावना चिखलात धान रोवायला जात. संघपाल ट्रकवर, मी लाखनीला राइस मिलमध्ये हमाल. अंगणवाडी दुपारीच सुटायची. शाळा मात्र चारपर्यंत, वरून खिचडी. मी पोरीला कडेवर घेतलं आणि शाळेत गेलो.

"किती वर्षांची?" गुरुजींनी विचारलं.

"सहाची."

"सहाची? दात तरी पडला का एखादा?"

"आमच्या घरचे दात पक्के राह्यतेत, गुरुजी."

गुरुजी हसले. तेही गावचेच, रोवणीच्या दिवसांत घराघरांत काय चालतं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी साल मागे सरकवलं, माझा अंगठा घेतला. पोरगी त्या दिवशी दीड वर्षानं मोठी झाली. दुपारी ती खिचडी खाऊन वर्गातच झोपली, असं नंतर कळलं.

मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. साठी ओलांडल्यावर शिकलो, तेही खुशबूकडून. साथीच्या दिवसांत शाळा बंद, मिल बंद, लीलाबाई नुकतीच गेलेली. ती पोरगी पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसायची आणि मी चुकलो की माझ्या बोटांवर फूटपट्टी मारायची. "आबाजी, ध आन् घ एक नोहोय. धान म्हणजे घान नाही होत." मी वर्षभरात वाचायला लागलो. रोज सकाळी आम्ही ओसरीत बसून पेपर वाचायचो, एक ओळ तिची, एक माझी.

उशिरा शिकलेल्या माणसाला एक खोड लागते. छापलेलं सगळं त्याला खरं वाटतं. आयुष्यभर लोक कागद बघून माझ्याशी बोलले, कागद बघून मला गप्प केलं. म्हणून कागदावर आहे ते खरं, हे माझ्या हाडात बसलं होतं.

खुशबू सातवीत गेली तेव्हा संघपालनं नवा फोन घेतला आणि जुना तिला दिला. शाळेतून अभ्यास फोनवरच यायचा. त्याच महिन्यात शाळेत पालकांची सभा झाली. घरून मीच गेलो. मेघा मॅडम नावाच्या बाई आहेत, त्यांनी सगळ्यांना समजावलं.

"लेकराच्या हातात फोन देणं म्हणजे त्याला हायवेवर सोडणं. लाखनीला रस्ता ओलांडताना तुम्ही लेकराचा हात धरता की नाही? मग इथं काहून सोडता?"

त्यांनी पालकांच्या फोनवरून लेकरांच्या फोनला नियंत्रण लावायला शिकवलं. लेकरानं नवं काही घ्यायचं म्हटलं की आधी पालकाच्या फोनवर विचारणा येते. किती वेळ बघायचं ते ठरवता येतं. झोपायच्या वेळी फोन आपोआप बंद होतो. एक गोष्ट मॅडमनी दोनदा सांगितली, "लेकराले समोर बसवून लावा. लपून लावाल, तर ते लपून काढीन."

संघपाल महिन्यातले वीस दिवस बाहेर. भावना गावची आशाताई, तिचा फोन दिवसभर बाळंतिणींसाठी वाजत राहतो. म्हणून पालक म्हणून माझा फोन जोडला. खुशबूची जन्मतारीख मॅडमनी आधार कार्डावरून टाकली. आधार कार्ड शाळेच्या दाखल्यावरून निघालं होतं.

वर्षभर ते चांगलं चाललं. खोटं कशाला सांगू, मला मजा यायची. विचारणा आली की खुशबू ओसरीत येऊन हात जोडायची, "सरकार, अर्ज आला आहे. मंजुरी द्या." मी चष्मा पुसायचो, एक एक अक्षर लावून वाचायचो, मुद्दाम वेळ लावायचो.

"याच्यात बंदूक दिसून राहिली. नामंजूर."

"आबाजी, तो पाण्याचा पाइप आहे! बाग आहे ते!"

"पाइप असा राह्यते का? बरं, तू खेळून दाखव मले."

मग आम्ही दोघं बसून झाडांना पाणी घालायचो. फोन साडेआठला बंद व्हायचा. सुरुवातीला ती चिडली, मग सवय झाली. नाचाच्या व्हिडिओंचं एक ॲप तिला हवं होतं, मैत्रिणींकडे होतं. मी मेघा मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "तेरा वर्षांच्या आत नाही, काकाजी. तिथं कोणीही कोणाले लिहू शकते." मी नाही म्हटलं. खुशबू दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी पेपर घेऊन आली.

गेल्या साली रोवणीच्या तोंडावर माझ्या फोनवर एक संदेश आला. मी खाटेवर बसून तो वाचला, कोणालाही न विचारता. "खुशबूला लवकरच तेरा वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानंतर ती आपले खाते स्वतः सांभाळू शकेल." एवढा लांब मजकूर मी एका दमात वाचला, याचाच मला जास्त आनंद झाला.

एक तारखेला ती फोन घेऊन आली. "आबाजी, हे विचारून राहिलं. नियंत्रण ठेवायचं का काढायचं? काय करू?"

"तेरा झाले ना?"

"हाव. त्याच्यात तसंच लिहिलं आहे."

मी स्वतः वाचून पाहिलं. तसंच लिहिलं होतं. तिचे पाय खाटेवरून जमिनीला टेकत नव्हते, लोंबत होते. ते मला दिसत होते. पण मी अक्षरं वाचत होतो.

"काढ मग," मी म्हटलं. "फोनलेच समजते तू मोठी झाली तर मी कोण नाही म्हणणारा?"

तिनं उडीच मारली. मी बोललेलं खोटं सात वर्षं दाखल्यात, आधारात, फोनात फिरून छापून माझ्याकडे परत आलं आणि मी त्याला खरं मानलं. पोरगी अकरा वर्षांची होती.

नाचाचं ॲप तिनं त्याच दिवशी घेतलं. थोड्या दिवसांनी टीना नावाची मैत्रीण झाल्याचं तिनं सांगितलं. टीना पवनीची, आठवीत, नाचते छान. मी विचारलं, "पाहिली का तिले?" ती म्हणाली, "फोटो पाहिला ना." मला बरं वाटलं. पवनी म्हणजे मामाचं गाव.

पोळ्यानंतर पेपर वाचणं बंद झालं. ती म्हणायची अभ्यास आहे. फोन वाजला की दचकायची. ताटातला भात तसाच ठेवून उठायची. भावनानं तिचे डोळे बघितले, रक्त तपासून आणलं, गोळ्या सुरू केल्या. एका सकाळी मी नखं काढत बसलो होतो. ती आली आणि म्हणाली, "आबाजी, कोणाले दिलेला फोटो वापस घेता येते का?"

"कोणता फोटो?"

"असाच विचारला."

"दिलं ते दिलं. वापस काय मागायचं?" मी म्हटलं आणि दुसऱ्या पायाला लागलो. ती थोडा वेळ उभी राहिली, मग गेली. एवढंच झालं. मी मान वर केली असती तर.

आठ दिवसांनी संघपाल रायपूरच्या रस्त्यावर ट्रक उभा करून जेवत असताना त्याच्या फोनवर एक फोटो आला. चेहरा खुशबूचा, बाकी चित्र नको ते, जोडलेलं. खाली धमकी. टीना म्हणून कोणी पोरगी नव्हतीच. कोणीतरी मोठा माणूस होता. आधी त्यानं नाचाचं कौतुक केलं, मग बोलता बोलता बापाचा नंबर आणि चेहऱ्याचे फोटो घेतले, मग दुसरे मागितले. ती नाही म्हणाली, तर घाबरवायला लागला की चेहरा नको त्या चित्राला जोडून बापाला पाठवीन. ती दोन महिने एकटी घाबरत होती आणि मी अंगणात तिच्या समोर बसलो होतो.

संघपाल दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचला. भावना मेघा मॅडमना घेऊन आली होती. तो आल्या आल्या बायकोवर तुटून पडला. "गावच्या लेकरायले डोस पाजत फिरते, आपलं लेकरू नाही दिसत तुले?"

भावना पोरीला जवळ धरून उभी राहिली.

मेघा मॅडम मला म्हणाल्या, "काकाजी, आपण तर नियंत्रण लावलं होतं. ते असतं तर हे ॲप आलंच नसतं. काढलं कोणी?"

मी खाटेवर होतो. घरातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी खुशबू बोलली.

"मी काढलं. आबाजीच्या फोनवरून. चोरून."

संघपालनं तिला दोन थापडा मारल्या. मॅडम मध्ये पडल्या, "भाऊ, गुन्हा तिनं नाही केला!" तरी त्यानं तिच्या हातातला फोन हिसकला आणि घराच्या मागे तलावात फेकला. "शाळा बंद. उद्या मामाकडे नेऊन टाकतो."

मी सगळं बघितलं. एवढी वर्षं पोती वाहिलेली पाठ, पण दोन शब्दांचं ओझं उचललं नाही.

भावना आणि मॅडमनी ठाण्यात तक्रार दिली. मीही मागे मागे गेलो. वय विचारलं तेव्हा भावना म्हणाली, "अकरा." लिहिणाऱ्यानं आधार बघितलं. "याच्यावर तर तेरा आहे. कागदावर आहे तेच लिहावं लागीन, बाई." त्यानं तेरा लिहिलं. तो माणूस अजून सापडला नाही. खातं बंद झालं, एवढं कळलं.

चौथ्या दिवशी शाळेतून दाखला काढला. व्हरांड्यात संघपाल तो घडी घालत होता. खुशबू फाटकाजवळ आईचा हात धरून उभी होती. मी म्हटलं, "संघपाल, ते मी काढाले लावलं होतं. आन् वयही मीच वाढवून लिहवलं होतं. पोरीनं चोरून नाही केलं."

मला वाटलं ओरडेल. तो हळूच बोलला, आणि ते जास्त लागलं.

"आता सांगून राहिले, बाबा? तिच्या गालावर माह्या बोटाचे वळ होते, तवा कुठी होते तुम्ही?"

"तिथंच होतो."

"हाव. तिथंच होते."

त्यानं दाखला खिशात घातला आणि पोरीजवळ गेला. तिच्यासमोर बसून काहीतरी म्हणाला. तिनं मान हलवली, पण त्याच्या हातात हात दिला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. शाळा बंद नाही झाली, एवढं मॅडमच्या बोलण्यानं झालं. मामाच्या गावी नाव घातलं.

जन्मतारीख दुरुस्त करायला मी प्रतिज्ञापत्र केलं. तहसीलच्या बाहेर टंकलेखन करणाऱ्यानं शाईचं पॅड पुढे सरकवलं. मी म्हटलं, सही करतो. "बाबुलाल" लिहिलं, प्रत्येक अक्षर नीट. ज्या पोरीनं ते शिकवलं तिच्यासाठी केलेली ती पहिली सही. अर्ज अजून फिरतो आहे.

दिवाळीनंतर भावनानं मामाच्या घरी खुशबूला दुसरा फोन दिला, अभ्यासापुरता. मेघा मॅडमनी फोनवरून मला पुन्हा सगळं लावायला शिकवलं, या वेळी जानेवारीच्या तारखेनं. शेवटी दोन्हीकडून मान्य म्हणावं लागतं, एक पालकानं, एक लेकरानं. मी माझ्याकडून दाबलं. भावना मला सांगते, खुशबू रोज बघते आणि तसंच ठेवून देते. "बाबा, ती म्हणते, आईचा फोन जोडा. आबाजीचा नको."

मी म्हटलं, "बरोबर म्हणते. तुझाच जोड."

मग भावनाचा फोन जोडला. खुशबूनं लगेच मान्य केलं.

माझ्या फोनवर ते नियंत्रणाचं ॲप अजून आहे. सकाळी पेपर वाचून झाला, दोन्ही ओळी एकट्यानंच, की मी ते उघडतो. त्यात एक ओळ येते. ती मला आता अक्षर न लावता वाचता येते. "तुमच्या कुटुंबात एकही मूल जोडलेले नाही."