चमच्याने कालवलेली मेंदी

माझ्या धाकट्या जावेच्या हातात कला आहे. हे मी म्हणत नाही, सगळी इमारत म्हणते. जिन्यात म्हणते, गच्चीवर कपडे वाळत घालताना म्हणते, आणि मला तोंड हसरं ठेवून ऐकून घ्यावं लागतं.

धाकटी मेंदी काढते. वेली, पक्षी, एकदा तर एका बाईच्या मनगटावर त्या बाईची मांजर काढली, मिशांसकट. बायका हात लांब धरून फोटो काढतात आणि म्हणतात, "काय बाई हात आहे हिचा!" पण त्या हातातल्या कोनात मेंदी भरतं कोण? मी. पूड मी आणते, तीनदा वस्त्रगाळ करते, लिंबाच्या रसात बोटांनी एकेक गुठळी मोडत कालवते. सुकल्यावर गळू नये म्हणून साखर, रंग चढावा म्हणून निलगिरीचं तेल. मग वाटी झाकून अर्धा दिवस मुरू द्यायची आणि तळहातावर ठिपका लावून बघायचा. बाजारच्या काळ्या कोनांत काय काय घालतात देव जाणे, आमच्या मेंदीने आजवर कोणाला साधी खाजही सुटलेली नाही. पण "काय बाई मेंदी आहे!" असं कोणी म्हणेल तर शपथ. सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, "धाकटी कलाकार आहे. थोरली तिला मदत करते."

मदत! तो शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कौतुक तिच्या वाट्याला, आणि माझ्या वाट्याला दहा काळपट लाल बोटं. भाजीवाली दर वेळी विचारते, "काय लागलं हो?"

मध्ये पंधरा दिवस काम नव्हतं, तर तो रंगही उडून गेला. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या पार्लरच्या बाईंनी धाकटीला जिन्यात गाठलं. "रविवारी येते. माझ्या हातावर काढून दाखवा. दोन दिवसांनी रंग बघून ठरवू."

धाकटी घरात आली ती नाचतच. "ताई, मला पार्लरमध्ये खुर्ची मिळणार! मोठ्या आरशासमोर! मेंदी फर्मास करा हं."

म्हणजे ती आरशासमोर बसणार आणि मी ओट्यापाशी. खरं सांगते, मी जळले. अगदी तळपायापासून जळले.

रविवारी सकाळी मी किटलीत पाणी उकळलं. कढत पाण्यात मेंदीचा रंग मरतो. दिसायला ती तशीच दिसते, वासही तोच येतो, पण आत जीव राहत नाही. हात भाजेल म्हणून चमच्याने कालवली. उरलासुरला रंगही जावा म्हणून वाटी तापल्या शेगडीला चिकटवून ठेवली. कोनही चमच्यानेच भरले. ठिपका काही लावून बघितला नाही.

चार वाजता बाई आल्या. धाकटी दोन तास मान वर न करता काढत होती. बाईंच्या तळहातावरच्या रेषा तिने झाकल्या नाहीत, त्या रेषांनाच बारीक पानं फोडली. तेव्हाही "थांबा" म्हणता आलं असतं. मी पुढचा कोन तिच्या हातात दिला.

मंगळवारी बाई परत आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. पाणी घातलेल्या चहासारखा रंग होता.

"नक्षी सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण नक्षी काढणाऱ्या माझ्याकडे दोघी आहेत. मी आले होते मेंदीसाठी. तुमच्या इमारतीतल्या बायकांचा रंग आठ-आठ दिवस हलत नाही. अशी घरची मेंदी करणारं माणूस शोधून मिळत नाही हो. जिने काढली ती आणि जिने कालवली ती, दोघींनाही घ्यायचं मनात होतं. ही केली कोणी?"

जन्मात पहिल्यांदा कोणीतरी माझी मेंदी शोधत आलं होतं, आणि तिच्यावर मीच उकळतं पाणी ओतलं होतं.

धाकटी माझं नाव सांगायला वळली. तिची नजर माझ्या मांडीवरच्या हातांवर गेली आणि तिथेच थांबली. दहाही बोटं स्वच्छ. चोराला रंगेहाथ पकडतात म्हणे. मी पकडले गेले ते हात कोरे होते म्हणून.

"मी केली," धाकटी म्हणाली. "ताईंना बरं नव्हतं. मला नाही जमली. त्यांच्या हातची एकदा बघा, मग ठरवा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "शनिवारी येते. पण थोरल्या बाईंनीच कालवायची."

त्या गेल्या. आता धाकटी तोंड सोडणार म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती, चांगली झणझणीत. ती स्वयंपाकघरात गेली. मीही मागोमाग गेले.

"रविवारी तुमची बोटं दिसली होती मला," ती म्हणाली. "वाटलं, या वेळी हातमोजे घातले असतील."

"चमचा वापरला," मी म्हणाले.

"हं." ओट्यावरचा चमचा उचलून तिने खणात टाकला आणि खण लावला. "शनिवारी बोटांनीच कालवा, ताई."

एवढंच. भांडली असती तर मी सुटले असते.

शनिवारपर्यंत मी तीनदा मेंदी कालवली. बाई आल्या, त्यांनी नक्षी बघायच्या आधी माझी बोटं उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या. दोघीही."

आता धाकटी आरशासमोर बसते आणि समोरच्या प्रत्येक बाईला सांगते, "मेंदी आमच्या ताईंची आहे." बायका मान वळवून माझ्याकडे बघतात, तोंडभरून कौतुक करतात. चमच्याबद्दल घरात अजून कोणाला माहीत नाही, सासूबाईंनाही नाही. ती बोललेलीच नाही.

मला हवं ते सगळं मिळालं, आणि मी पूर्वीपेक्षा जास्त जळते. आधी मी तिच्या नक्षीवर जळायचे, आता तिच्या मनावर. नक्षी निदान शिकता तरी आली असती.