उजेडाची पट्टी

फोटो काढून झाला की संगणकावरची उजेडाची पट्टी एक घर उजवीकडे सरकवायची आणि मगच तो छपाईला द्यायचा, हा फोटोवाल्याचा रिवाज होता. गिऱ्हाइकाने तसे सांगितलेले नसे आणि त्यानेही कधी विचारलेले नव्हते. चेहरा जरा उजळ आला की माणूस खूश होतो, पुढच्या वेळी भावालाही घेऊन येतो, एवढे त्याला अनुभवाने ठाऊक होते. तो ज्या वस्तादाकडे शिकला, त्याच्या काळी हेच काम अंधारखोलीत फोटोच्या कागदावर उजेड कमी पाडून होत असे; कागदावर जेवढा उजेड कमी, तेवढा चेहरा उजळ. यंत्रे बदलली, रिवाज राहिला.

यंदा शाळेतल्या सगळ्या मुलांच्या ओळखपत्रांचे फोटो त्यानेच काढले होते. त्याची मुलगी त्याच शाळेत आठवीत होती. तिच्या वर्गाला इतिहासाच्या बाईंनी एक नवा धडा शिकवायला घेतला होता: कातडीच्या रंगावरून माणसांची प्रतवारी कशी लावली गेली, त्या प्रतवारीवर माणसांची खरेदी-विक्री कशी चालली, वेगळी दारे, वेगळे बाक आणि वेगळ्या शाळा कोणी व कशासाठी केल्या. धडा सुरू झाल्यापासून मुलगी घरात कमी बोलू लागली. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी तिला नवा फोटो हवा होता आणि ती बापाच्या कॅमेऱ्यासमोर बसायला तयार नव्हती.

"अहो, नाक्यावरच्या दुसऱ्या दुकानातून काढून आणते म्हणतेय," बायको म्हणाली.

"सुताराच्या पोरीनं शेजारून पाट मागून आणावा, तसं झालं हे. काय झालंय काय तिला?"

"मला विचारताय? तुमचीच लेक. तोंडाला कुलूप घातलं की किल्ली गिळून टाकते."

फोटोवाल्याला कारण उघड दिसत होते. धडा आला आणि पोरगी बिघडली. म्हणून पालकसभेत बोलण्याचे त्याने ठरवले.

सभा शाळेच्या मोठ्या वर्गखोलीत भरली. बाक लहान मुलांच्या मापाचे होते, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे वर आले होते. तो उठला तेव्हा पुढून कोणीतरी म्हणाले, "हसा जरा, फोटोवाले!"

"माझ्या दुकानात सगळ्या रंगांची माणसं येतात," तो म्हणाला. "सगळ्यांना एकच स्टूल, एकच पडदा. मी कुणाला वेगळं वागवलं नाही. पोरं एकत्र खेळतात, एका बाटलीतनं पाणी पितात. त्यांच्या डोक्यात नसलेलं आपणच का भरायचं? दुखणंच नाही, तिथं औषध कशाला?"

टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरच्या एका ट्रकचालकाने हात वर केला.

"माझा पोरगा घरी येऊन विचारतो, आपले पूर्वज वाईट होते का? काय सांगायचं त्याला?"

"तुम्ही काय सांगितलंत?" इतिहासाच्या बाईंनी विचारले.

"म्हटलं, मुकाट्यानं जेव."

हशा ओसरेपर्यंत बाई थांबल्या. "तुमच्या मुलाचा प्रश्न चांगला आहे. त्यावर वर्गात एक अख्खा तास बोलता येईल. आणि फोटोवाले, मुलांच्या डोक्यात काही नाही असं तुम्ही म्हणता. मधल्या सुट्टीत ती एकमेकांना कोणत्या नावांनी हाका मारतात ते मला ऐकू येतं. ती नावं माझ्या धड्यातली नाहीत. ती आली कुठून, एवढंच मी सांगते."

"कोणती नावं?" त्याने विचारले.

"ते मुलांनाच विचारा. मी इथं चारचौघांत सांगणार नाही."

धडा ठेवायचा की नाही यावर हात वर करून मते घेण्याचे मुख्याध्यापिकांनी शुक्रवारवर टाकले. तोवर प्रत्येकाने आपापल्या मुलाला वर्गात नेमके काय झाले ते विचारावे, ऐकीव गोष्टींवर मत देऊ नये, असे त्या म्हणाल्या. फोटोवाल्याला हा वेळकाढूपणा वाटला. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात कोणी नसताना, त्याने मुलीला विचारले.

ती छापलेले फोटो कापत होती. कात्री न थांबवता म्हणाली, "मला सावली म्हणतात."

"कोण?"

"सगळे. तिसरीपासून. आता कुणाला त्यात वाईटसुद्धा वाटत नाही. नावच झालंय."

"मग मला सांगितलं का नाहीस? एकेकाचा कान धरला असता."

"काय सांगणार? मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे, त्यांना ते फक्त दिसतंय." तिने कात्री खाली ठेवली. "बाईंनी सांगितलं, हे माणसांनी ठरवलेलं आहे. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, त्यात कुणाचा फायदा होता, सगळं सांगितलं. ठरवलेलं असेल तर ते माझ्यात नाही ना, बाबा?"

"नाहीच आहे. कोण म्हणतं तुझ्यात आहे?"

"तुम्ही."

फोटोवाला हसणार होता, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला.

"सुट्टीत ओळखपत्रांचे फोटो मीच छापत होते. सगळ्या मुलांची पट्टी एका घरावर होती. माझी दोन घरांवर. का?"

त्याने उत्तर शोधले नाही. ते तयारच होते. "तू माझी मुलगी म्हणून."

"म्हणजे मला जास्त गरज होती."

तो स्टुलावर बसला. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर तो एरवी कधी बसत नसे. तिथे बसूनच त्याने तिला तरुणपणची एक हकीकत सांगितली. एका मोठ्या दुकानात विक्रेत्याची जागा होती. हिशेब, बोलणे, सगळे मालकाला पसंत पडले होते. शेवटी मालक म्हणाला, माल मागे गोदामात लावशील का? गल्ल्यापाशी जरा दर्शनी चेहरा लागतो. मालक हे अगदी गोड आवाजात म्हणाला होता, पाणीही विचारले होते. तो घरी परतला आणि पुढच्याच महिन्यात वस्तादाकडे अंधारखोलीत कामाला लागला.

"तुला कुणी गोदामात पाठवू नये, एवढंच डोक्यात होतं," तो म्हणाला.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"सांगून काय होणार होतं?"

"मला वाटलं असतं ना, की मी एकटी नाही."

शुक्रवारी तो पुन्हा उठला तेव्हा मागच्या वेळी टाळ्या वाजवणारे सावरून बसले.

"मागे मी म्हणालो, दुखणं नाही. मी घरात विचारलंच नव्हतं. आता विचारलं. धडा राहू द्या."

"काय हो, पार्टी बदलली?" ट्रकचालक म्हणाला. "बाईंनी फोटो काढून घेतला वाटतं!"

"बदलली," फोटोवाला म्हणाला. कारण त्याने सांगितले नाही. ते मुलीचे होते. "आणखी एक. ओळखपत्रांवरचे चेहरे मी सगळे उजळ करून दिलेत. कुणी सांगितलं नव्हतं. ते मूळ रंगात परत छापून देतो. फुकट."

धड्यावरून झाली नव्हती एवढी गडबड आता झाली. एकाचे म्हणणे होते, चांगल्या आलेल्या फोटोला हात का लावायचा. दुसरा म्हणाला, इतक्या वर्षांत आमचं पोर पहिल्यांदा फोटोत बरं दिसलंय, ते तरी राहू द्या! मुख्याध्यापिकांना टेबलावर डस्टर आपटावे लागले. हात मोजले तेव्हा धडा थोडक्या मतांनी टिकला. बाईंच्या बाजूने पहिला हात वर करणारी एक आई जाताना दारात त्याच्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "माझ्या मुलीचा मात्र आहे तस्साच ठेवा हं, भाऊ. छान आलाय हो."

मुलगी फाटकाशी उभी होती.

"काय झालं?"

"धडा राहिला. फोटो मात्र सगळ्यांना उजळच हवेत."

ती हसली नाही, पण चालताना नेहमीसारखी पुढे गेली नाही. त्याच्या बरोबरीने चालत राहिली.

"मग आता?"

"आता विचारून करीन. हवा असेल त्याला देईन, पण न विचारता नाही. पोट आहे त्यावर माझं." थोडे चालून गेल्यावर तो म्हणाला, "उद्या अर्जाची शेवटची तारीख ना? नाक्यावरचा उद्या बंद असतो."

"माहितीये."

"मग तुझा कसा काढू? तू सांगशील तसा."

"मी कशाला सांगू? फोटोवाले तुम्ही," ती म्हणाली. "नीट बघा आणि काढा."