दुसरी फेरी

"डोळे मिटा साहेब," मी म्हटलं आणि मंत्र्यांच्या पापण्यांवर स्पंज ठेवला.

आमच्या धंद्यातली ही एक गंमत आहे. माणूस कितीही मोठा असो, पापण्यांवर स्पंज असेपर्यंत त्याला खुर्चीतून उठता येत नाही, फोन बघता येत नाही, समोरचा बोलेल ते ऐकावंच लागतं. या न्यूज चॅनलवर तोंडं रंगवण्यात माझे केस पांढरे झाले, पण त्या दोन मिनिटांत मी कधी कुणाकडे मुलीचा प्रवेश मागितला नाही की नवऱ्याची बदली. त्या दिवशी मात्र मागितलं.

चक्रीवादळ आदल्या रात्री शहरावरून गेलं होतं. नदीचा बंधारा फुटला होता. माझी ताई आणि भाऊजी नदीकाठच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर अडकले होते. भाऊजींची उजवी बाजू अर्धांगवायूने गेलेली, त्यामुळे पोहणं-बिहणं सोडाच, त्यांना खाटेवरून उठवायलाही दोन माणसं लागत. सकाळी ताईचा फोन आला तेव्हा पाणी जिन्याच्या मधल्या पायरीवर होतं. "छोटे, तुझ्याकडे मोठमोठे लोक येतात ना गं? सांग की कुणाला तरी," एवढं ती बोलली आणि फोन बंद पडला. पूल पाण्याखाली, त्यामुळे मला जाता येईना. सरकारी हेल्पलाइनवर सकाळपासून नुसतं संगीत वाजत होतं.

मी मंत्र्यांना सगळं सांगितलं. ते डोळे मिटून "हं, हं" करत होते. टकलावर पावडर फिरवेपर्यंत त्यांना पाझर फुटला. "अरे, तिकडे एक बोट पाठव रे," ते पीएला म्हणाले.

आमचा प्रोड्यूसर दारातच घुटमळत होता. "सर, बोटीत आमचा रिपोर्टर असला तर? तुम्ही इकडे स्टुडिओत बोलताय आणि तिकडे लाइव्ह सुटका!"

मंत्र्यांनी एक डोळा उघडला. "चालेल. तू पण जा रे बोटीतून," त्यांनी पीएला सांगितलं.

मी दोघांना हात जोडले, ब्रश हातात तसाच धरून. आता आठवलं की त्या हातांची शिसारी येते.

मेकअपच्या खोलीत एक टीव्ही आहे. बाहेरून येणारं चित्र त्यावर काटछाट न होता दिसतं. दुपारी त्यावर ताईची गल्ली दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. बोटीत नावाडी होता, रिपोर्टर, कॅमेरामन, नवंकोरं लाइफ जॅकेट घातलेला पीए, आणि बॅटऱ्यांची एक भलीमोठी पेटी. ताई खिडकीतून उतरली. रिपोर्टर बोलताना अडखळला म्हणून तिला पुन्हा वर चढायला लावलं. साठीची बाई, ओल्या साडीत, पुन्हा चढली आणि पुन्हा उतरली.

"ह्यांना घ्या ना आधी," ती म्हणत होती.

"काकू, जागा नाही. दुसऱ्या फेरीत घेतो की काकांना," पीए म्हणाला.

"ती पेटी ठेवा ना वर."

"अहो, लाइव्ह कशावर चालणार मग?"

बोट वळली. खिडकीत भाऊजींचा डावा हात दिसला, हलत होता. लोकांना थोड्या वेळाने 'लाइव्ह' म्हणून दाखवलं त्यात ताईचं उतरणं होतं, मागे वाजणारी सनई-बिनई सगळं होतं. हाताचं दृश्य तेवढं कापलं होतं. स्टुडिओत मंत्री सांगत होते, "ती संपूर्ण गल्ली आम्ही रिकामी केली आहे." चेहऱ्यावर मी लावलेला रंग छान बसला होता.

मी प्रोड्यूसरकडे धावले. "भाऊजी वर आहेत अजून!"

"मावशी, दुसरी फेरी आहे ना! कशाला बीपी वाढवतेस?"

संध्याकाळी हेल्पलाइनवर एकदाचा माणूस बोलला. म्हणाला, "मॅडम, ती गल्ली रिकामी झालीय. टीव्हीवर दाखवलं की."

दुसरी फेरी म्हणे! लाइव्ह आटोपल्यावर बोट पार दुसऱ्या वस्तीत गेली होती, दुसऱ्या चॅनलला घेऊन.

दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलातून फोन आला. मी तिथे नंबर देऊन ठेवला होता. पाणी खाटेच्या वर गेलं होतं, एवढंच तो जवान बोलला. पूल सकाळी मोकळा झाला होता. मी निघायला पर्स उचलली, तर प्रोड्यूसर ताईला घेऊन खोलीत आला. छावणीवर ऑफिसची गाडी पाठवून तिला आणलं होतं. त्याने मला बाजूला घेतलं.

"हिचे केस असेच विस्कटलेले राहू देत. गालावर जरा चिखल लावता येईल? छावणीत धुतलाय बहुतेक. आणि हे बघ, काकांचं तिला काही बोलू नकोस. मंत्री पण येताहेत, ते स्वतःच सांगतील. शोमध्ये."

त्याला ठाऊक होतं. माझ्याआधीच ठाऊक होतं. असल्या माणसावर थुंकावंसंही वाटत नाही. मी त्याला बाहेर ढकललं आणि कडी लावली.

ताईला खुर्चीत बसवलं. तिने आपसूक डोळे मिटले. माझ्या मुलीच्या लग्नात मीच तिला नटवलं होतं. मी कोमट पाण्यात स्पंज पिळला आणि तिच्या पापण्या पुसू लागले.

"छोटे," ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, "दुसरी फेरी झाली का गं?"

खुर्चीत ती होती, पण अडकले होते मी.

"नाही झाली, ताई. भाऊजी गेले."

ती हलली नाही. स्पंजाखाली माझ्या बोटांना गरम पाणी लागलं. बाहेरून प्रोड्यूसर दार वाजवत होता, "मावशी, झालं का? मंत्री बसलेत!"

"त्यांचा हात दाखवला का गं टीव्हीवर?" तिने विचारलं.

"नाही. पण मी पाहिला. मदतीला बोलावत होते बिचारे."

"छे गं," ताई म्हणाली. "मला सांगत होते, जा, जा म्हणून. मी सारखी मागे बघत होते ना."

दारावर थापा पडत होत्या. मी कंगवा घेतला, तिच्या केसांतला गुंता हळूहळू सोडवला आणि घट्ट वेणी घातली. मग खोलीच्या मागच्या दाराने, मागच्या जिन्याने आम्ही दोघी भाऊजींकडे निघालो.